कॉरोनरची सनद

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : टॅरो, म्हणजे भविष्य पाहायचे चित्रांचे पत्ते, शिकता शिकता तुम्ही ‘गोल्डन डॉन’ या लंडनच्या गुप्त मंडळाच्या इतिहासापर्यंत पोहोचलात. त्याचा संस्थापक विल्यम विन वेस्टकॉट हा पदवीधर डॉक्टर, त्यातून कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा सरकारी अधिकारी, हे वाचून चक्रावलात. असा माणूस या नादाला लागला कसा, की तो मुळातच भामटा होता, असं तुम्ही विचारता. शिवाय जॅक द रिपर, म्हणजे लंडनमध्ये बायकांचे खून करून कधीच न सापडलेला खुनी, याच्याशी त्याचं नाव जोडलं जातं, त्यात तथ्य किती, हेही हवंय.

मी न्यायवैद्यकशास्त्र शिकवून निवृत्त झालो. मुंबईतलं कॉरोनरचं पद १९९९ मध्ये रद्द झालं. त्याआधीची माझी बरीच वर्षं त्याच व्यवस्थेत शवविच्छेदनं करण्यात गेली. १८७१ चा तो कायदा इंग्रजांनी मुंबई-कलकत्त्यासारख्या इलाख्यांच्या राजधान्यांसाठी केला होता आणि त्याचा साचा थेट लंडनचा. तेव्हा वेस्टकॉटच्या जादूबद्दल बोलायचा मला अधिकार नाही, पण त्याच्या नोकरीबद्दल आहे. माझं मत असं की त्याची जादू समजायची तर आधी ती नोकरी समजून घ्यावी लागते.

आधी प्रश्न थोडा सरळ करून घेऊ. ‘डॉक्टर असून श्रद्धाळू कसा’ यात मला फारसं कोडं दिसत नाही. अवघड शस्त्रक्रियेच्या दिवशी ठरावीक पेनानेच सही करणारे, गुरुवारी नवं काम हाती न घेणारे उत्तम सर्जन मी पाहिलेत. खरं कोडं वेगळं आहे. पुरावा म्हणजे काय, साक्ष कशाला म्हणायचं, कागद खरा कधी मानायचा, हे ज्याला रोज ठरवावं लागतं त्या माणसाने स्वतःच्या मंडळासाठी कोणता पुरावा पुढे केला? तिथे पाहिलं की भामटा आणि भाबडा, दोन्ही शब्द अपुरे पडतात.

त्याचं आयुष्य भराभर सांगतो. जन्म १७ डिसेंबर १८४८, इंग्लंडमधल्या लेमिंग्टनचा. बाप सर्जन. दहा वर्षांचा व्हायच्या आत आईबाप दोघंही गेले आणि काकाने सांभाळलं. काकाही सर्जनच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून वैद्यक शिकून तो सॉमरसेट परगण्यातल्या मार्टॉक या गावी काकाच्याच दवाखान्यात बसला. त्याच काळात, १८७१ मध्ये, तो फ्रीमेसन या पुरुषांच्या गुप्त बंधुसंघात शिरला, आणि खेड्यातल्या डॉक्टरने लॉजमध्ये, म्हणजे संघाच्या शाखेत, जाणं ही तेव्हा रोटरीइतकीच साधी गोष्ट होती. १८७९ च्या सुमारास दवाखाना सोडून तो हेंडनला गेला आणि दोनेक वर्षं कबाला, म्हणजे ज्यूंची गूढविद्या, आणि किमयेची पुस्तकं वाचत बसला. मग उपकॉरोनर, आणि १८९४ पासून १९१८ पर्यंत ईशान्य लंडनचा कॉरोनर. शॉर्डिच, हॉक्स्टन अशा दाटीवाटीच्या गरीब वस्त्या त्याच्याकडे होत्या. निवृत्तीनंतर तो मुलीकडे दक्षिण आफ्रिकेत गेला आणि ३० जुलै १९२५ ला डरबनमध्ये वारला.

आता एक गोष्ट, जी तुमच्या वाचनात बहुधा आली नसेल. औषधशास्त्राच्या कुठल्याही ग्रंथालयात ‘मार्टिंडेल’ नावाचा जाडजूड ग्रंथ असतो. आमच्या वेळी एखाद्या अनोळखी गोळीबद्दल शंका आली की प्राध्यापक म्हणायचे, ‘मार्टिंडेल बघ.’ त्याची पहिली आवृत्ती १८८३ ची. अधिकृत फार्माकोपियात, म्हणजे सरकारमान्य औषधकोशात, नसलेल्या औषधांची माहिती लंडनचे औषधविक्रेते विल्यम मार्टिंडेल यांनी दिली. वैद्यकीय नियतकालिकांतले संदर्भ काढून, कुठल्या रोगावर आणि लक्षणावर कोणतं औषध याची सूची ज्याने केली तो हा वेस्टकॉट. मी वर्षानुवर्षं ते पुस्तक हाताळलं. ते बनवणाऱ्यांपैकी एकजण रात्री झगा घालून इजिप्तच्या देवांची नावं उच्चारत होता हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

ही सूची महत्त्वाची का, तर गोल्डन डॉनच्या शिकवणीचा गाभाही सूचीच आहे. हिब्रू अक्षर, त्याच्यापुढे ग्रह किंवा रास, त्यापुढे टॅरोचं पान, त्यापुढे रंग. डाव्या रकान्यात लक्षण, उजव्यात उपाय. तुम्ही ज्या पत्त्यांवर शिकताय तो १९०९ चा संच करणारे वेट आणि पामेला कोलमन स्मिथ हे दोघंही या मंडळातूनच आले. त्यामुळे ‘अमुक पान म्हणजे अमुक रास’ असं तुम्ही पाठ करता तेव्हा ती घडण कुठून आली हे डोळ्यांसमोर येईल. मंडळाच्या पायऱ्याही वैद्यकीय कॉलेजसारख्याच : निओफाइट, झेलेटर, थिओरिकस, प्रॅक्टिकस, फिलॉसॉफस. प्रत्येक पायरीला टिपणं, पाठांतर आणि परीक्षा. पास झाल्याशिवाय वर जायचं नाही. जादू शिकवायची म्हटल्यावर अभ्यासक्रम आखणारा माणूस कोण असेल, तर ज्याने शरीररचनाशास्त्र पाठ करून पदवी मिळवलीय तोच. वेस्टकॉटचा दुसरा संस्थापक सोबती वुडमन हाही डॉक्टरच होता. तिसरा मॅथर्स, तो मात्र डॉक्टर नव्हता. पुढे भांडण त्याच्याशीच झालं.

आता कागदांकडे.

वेस्टकॉटची हकिगत अशी : १८८७ मध्ये वुडफर्ड नावाच्या वृद्ध पाद्र्याकडून त्याला सांकेतिक लिपीतली साठेक पानं मिळाली. सोळाव्या शतकातल्या ट्रिथेमियस या जर्मन मठाधिपतीच्या पुस्तकातली लिपी, त्याने ती उलगडली. आत पाच दीक्षाविधींचे आराखडे होते. सोबत स्टुटगार्टच्या फ्राउलाइन श्प्रेंगेल नावाच्या विदुषीचा पत्ता होता. पत्र टाकलं, उत्तरं आली. तिने इंग्लंडमध्ये मंडळ काढायची परवानगी दिली, एवढंच काय, आपल्या नावाने सही करायचा अधिकारही दिला. १ मार्च १८८८ च्या सनदेने लंडनचं आयसिस-युरेनिया देऊळ सुरू झालं. क्रमांक दिला तीन, म्हणजे आधीची दोन कुठेतरी आहेत असं आपोआप मानलं जावं. १८९० मध्ये जर्मनीहून कळवण्यात आलं की बाई वारल्या आणि यापुढे तिकडून पत्रव्यवहार होणार नाही.

कॉरोनरच्या कोर्टात ही फाइल कोणी माझ्यापुढे ठेवली असती तर?

पहिली गोष्ट, साक्षीदार. वुडफर्ड डिसेंबर १८८७ मध्ये वारले, म्हणजे मंडळ सुरू व्हायच्या आधी. बाईंना कोणी पाहिलेलं नाही आणि त्याही गेल्या. सगळे जबाब मृतांचे. दुसरी गोष्ट, कागद. सांकेतिक पानांच्या काही कागदांवर १८०९ चा जलचिन्ह-शिक्का आहे. तो पाहून अनेकजण हरखतात. आपल्याकडे मागच्या तारखेचा स्टॅम्पपेपर मिळवून केलेले करारनामे ज्याने पाहिलेत तो हरखणार नाही. कागदाचं वय आणि त्यावरच्या शाईचं वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उलगडल्यावर आतली भाषा इंग्रजी निघते, आणि मजकूर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या गूढवादी वाचनाचा वास मारतो.

तिसरी, भाषा. १९७२ मध्ये एलिक होव या अभ्यासकाने श्प्रेंगेलबाईंची जर्मन पत्रं जाणकारांकडून तपासून घेतली. जर्मन ही लिहिणाऱ्याची मातृभाषा नाही आणि वाक्यांखाली इंग्रजी आहे, असा निष्कर्ष निघाला. मला यावरून एक जुनं जळीत प्रकरण आठवतं. बाई मालवणकडची, चौथीपर्यंत शिकलेली. उशीखाली चिठ्ठी मिळाली, ‘सदर बाबतीत माझ्या पतीस जबाबदार धरण्यात येऊ नये.’ अक्षर जुळतं का हे हस्ताक्षरतज्ज्ञाने ठरवायचं. पण ‘सदर’? मरायला निघालेली बाई पंचनाम्याच्या भाषेत लिहीत नाही. मी अहवालाच्या समासात तेवढा एक शब्द लिहून त्याखाली रेघ मारली होती. श्प्रेंगेलबाईंच्या पत्रांत असे ‘सदर’ बरेच आहेत.

आता कशाबद्दल किती खात्री आहे तेही सांगतो, कारण ‘सगळं बनावट’ असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. सांकेतिक पानं आणि जर्मन पत्रं या दोन वेगळ्या वस्तू आहेत. त्यांना एकाच पिशवीत घालू नका. पानं वेस्टकॉटने स्वतः केली असं मला वाटत नाही. १८८६ मध्ये वारलेला केनेथ मॅकेंझी हा गूढविद्येचा अभ्यासक त्यामागे असावा, याकडे बहुतेक संशोधकांचा कल आहे. म्हणजे वेस्टकॉटला खरोखरच काहीतरी सापडलं होतं. पत्रांचं तसं नाही. ती त्याने लिहिली किंवा लिहवून घेतली, असंच मी म्हणेन. कोणीतरी त्यालाच फसवलं असण्याची शक्यता मी पूर्ण पुसत नाही, पण त्या फसवणुकीचा फायदा फक्त त्यालाच होत होता, आणि आमच्या धंद्यात पहिला प्रश्न तोच असतो.

फायदा कसला? पैशाचा नाही. पगार होता, पुस्तकांचं उत्पन्न होतं. मला वाटतं त्याला सनद हवी होती. आपल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. १८५२ मध्ये इनाम जमिनींचे हक्क तपासणारं इनाम कमिशन बसलं तेव्हा जमीन पिढ्यान् पिढ्या कसत असूनही ‘कागद दाखवा’ म्हटल्यावर किती घरांची त्रेधा उडाली असेल! वहिवाट खरी पण सनद नाही, अशी अवस्था. वेस्टकॉटच्या हातात आराखडे होते, ज्ञान होतं, शिष्य मिळतील असा अंदाज होता. गुरुपरंपरा नव्हती. आधीपासून तो ज्या रोझिक्रुशियन (युरोपातल्या एका जुन्या गूढपरंपरेच्या) संस्थेत होता तिथे फक्त फ्रीमेसन घेत, म्हणजे स्त्रियांना दार बंद. नव्या मंडळात स्त्रिया बरोबरीने घ्यायच्या होत्या आणि घेतल्याही. मंडळाची पहिली दीक्षित मीना बर्गसन ही चित्रकलेची विद्यार्थिनी होती. अशा मंडळाला मान्यता देणार कोण? परदेशातली, न दिसणारी, उच्चपदस्थ स्त्री. अंदाज माझा आहे, पण सनद नेमकी ज्या आकाराची हवी होती त्याच आकाराची आली, हे लक्षात घ्या.

दूरच्या गुरूंच्या पत्रांची तेव्हा हवाही होती. थिऑसॉफी या गूढवादी पंथाच्या संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की १८७९ मध्ये मुंबईत उतरल्या. थिऑसॉफिकल सोसायटीचं मुख्य ठाणं १८८२ अखेरपर्यंत मुंबईतच होतं, मग अड्यारला गेलं. त्यांना आलेली म्हणून दाखवली जाणारी अदृश्य गुरूंची, ‘महात्म्यांची’ पत्रं, त्यावरून उठलेलं वादळ, तपासायला लंडनहून आलेले हॉजसन आणि त्यांचा १८८५ चा प्रतिकूल अहवाल, हे सगळं वेस्टकॉटने जवळून पाहिलं होतं. ब्लाव्हाट्स्कींशी त्याची ओळख होती. अहवालाने त्यांचे अनुयायी पांगले नाहीत, हेही त्याने पाहिलं असणार.

आता त्याच्या नोकरीतली एक बाजू, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. १८८५ मध्ये त्याने आत्महत्येवर एक पुस्तक लिहिलं : इतिहास, कायदा, कारणं, प्रतिबंध. आत्महत्या तेव्हा इंग्लंडमध्ये गुन्हा होता. १८८२ च्या कायद्यापर्यंत ‘शुद्धीत असताना केलेली’ असा निकाल लागला की दफन रात्री नऊ ते बाराच्या दरम्यान उरकावं लागे. त्यामुळे ज्युरी काय करी? ‘बुद्धी ताळ्यावर नसताना’ असा निकाल देई. बहुतेक वेळा त्याला वैद्यकीय आधार फारसा नसे. घरच्यांची अब्रू वाचावी, अंत्यविधी नीट व्हावा, म्हणून नोंदलेलं ते दयाळू असत्य होतं, आणि त्यावर कॉरोनरची सही असे.

आम्हीही हे केलंय का? मी सरळ उत्तर देत नाही. एवढंच सांगतो की शवागाराच्या दारात ‘डॉक्टरसाहेब, अपघात लिहा ना, धाकटीचं लग्न ठरलंय’ असं म्हणणारा बाप मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिलाय. मी लिहिलं नाही, कधी ‘मत राखून ठेवलं आहे’ असं लिहिलं. ज्याने वर्षानुवर्षं असे कागद पाहिले त्याला कागद हा सत्याचा फोटो वाटेनासा होतो. एखादं काम पार पाडायला लागणारी वस्तू, असं त्याचं रूप होतं. वेस्टकॉटचं तसं झालं असावं. दारुड्या आईबापांच्या कुशीत रात्री दडपून मेलेल्या बाळांबद्दल त्याने १९०३ मध्ये पोटतिडकीने लिहिलंय. तिथे तो काटेकोर आहे, कारण तिथे कागदावर कोणाचा तरी जीव अवलंबून होता. श्प्रेंगेलबाईंच्या पत्रावर कोणाचा जीव अवलंबून आहे असं त्याला वाटलं नसेल.

१८९७ मध्ये वेस्टकॉटने मंडळातली पदं सोडली, त्या प्रसंगाबद्दल इंटरनेटवर जे फिरतं ते जपून घ्या. गोष्ट अशी सांगतात की तो मंडळाचे कागद घोडागाडीत विसरला, ते अधिकाऱ्यांच्या हाती लागले, आणि ‘तुला प्रेतांवर बसण्याचे पैसे मिळतात, ती उठवण्याचे नाही’ अशी तंबी मिळाली. कॉरोनर प्रेतांवर ‘बसतो’ ही इंग्रजीतली जुनी कोटी आहे, कारण ज्युरीला मृतदेह प्रत्यक्ष पाहावाच लागे. पण ही कोटी आपल्यापर्यंत आली अलिस्टर क्रॉली या पुढे कुप्रसिद्ध झालेल्या जादूगाराकडून, आणि क्रॉली मंडळात आला नोव्हेंबर १८९८ मध्ये, वेस्टकॉट बाहेर पडल्यावर दीड वर्षाने. ऐकीव साक्ष, तीही विनोदी माणसाची. पक्कं आहे ते वेस्टकॉटचं स्वतःचं मार्च १८९७ चं पत्र. आपण जादुई शक्तीचा आव आणणाऱ्या संस्थेत पदाधिकारी आहोत हे सरकारी अधिकाऱ्यांना कळलंय, आणि राणीच्या कॉरोनरची अशी शोभा होणं बरं नव्हे, असा त्याचा आशय आहे. तेवढ्यावर त्याने पदं सोडली. तीनशेच्या वर सदस्य जमवलेलं मंडळ एका बाजूला, नोकरी दुसऱ्या बाजूला, आणि निवड करायला फार वेळ लागला नाही. पेन्शनीची वाट पाहणाऱ्या कोणालाही हे कळेल.

फेब्रुवारी १९०० मध्ये पॅरिसला राहणाऱ्या मॅथर्सने भांडणाच्या भरात लिहून टाकलं की श्प्रेंगेलचा पत्रव्यवहार वेस्टकॉटने बनावट केलेला आहे. कवी येट्स वगैरे सदस्यांच्या समितीने वेस्टकॉटला विचारलं. त्याचं उत्तर वाचताना मला हसू आलं, इतकं ते ओळखीचं होतं. कायद्याच्या दृष्टीने पाहता मंडळाच्या उगमाचे तपशील मी सिद्ध करू शकत नाही, तेव्हा तुमचं मत कलुषित करणं न्याय्य ठरणार नाही, असा त्याचा सूर. ‘आरोप खोटा आहे’ हे साधं वाक्य त्यात नाही. उलटतपासणीत वकील ज्याला खिंडीत गाठतो त्या तज्ज्ञाची ही भाषा. मीही ती बोललोय.

रिपरबद्दल एका परिच्छेदात. नावांचा घोळ आहे. १८८८ च्या त्या खुनांपैकी निकल्स, चॅपमन आणि स्ट्राइड यांच्या चौकशा ज्या कॉरोनरने केल्या त्याचं नाव विन बॅक्स्टर. आपल्या माणसाचं नाव विन वेस्टकॉट. दोघंही लंडनचे, एकाच खात्यातले, आणि मंडळही नेमकं त्याच वर्षी सुरू झालेलं. एवढ्या सामग्रीवर कुठलाही कथालेखक उभा राहतो. वेस्टकॉटने ते खून केले असं सुचवणारा एकही पुरावा नाही. तो मुद्दा डोक्यातून काढून टाका.

तर ‘भामटा की भाबडा’ याला माझं उत्तर : विद्येवर त्याची श्रद्धा खरी होती, सनद खोटी होती, आणि या दोन्हींत त्याला विरोध दिसत नव्हता. फ्रीमेसन रोझिक्रुशियन संस्थेचं सर्वोच्च पद त्याने वुडमनच्या मृत्यूनंतर घेतलं आणि मरेपर्यंत सोडलं नाही. नुसता भामटा असता तर १८९७ नंतर या सगळ्याला रामराम ठोकला असता.

पण खोट्या सनदेने कोणाचं नुकसान झालं नाही असं जर कोणी म्हणालं, तर मी एका तिसऱ्या डॉक्टरचं नाव घेईन. रॉबर्ट फेल्किन. प्रसूतिशास्त्राच्या इतिहासात हे नाव आम्हाला शिकवलं जातं. १८७९ मध्ये, वैद्यकाचं शिक्षण अजून पुरं व्हायचं असताना, मिशनऱ्यांबरोबर युगांडाकडे गेलेल्या या तरुणाने बुन्योरो राज्यात स्थानिक वैद्याने केलेलं सिझेरियन डोळ्यांनी पाहिलं. केळ्याची दारू पाजून बाईला गुंगी आणली, त्याच दारूने हात आणि पोट धुतलं, रक्तस्राव थांबवायला तापलेलं लोखंड लावलं, जखम लोखंडी टाचण्यांनी आणि सालीच्या दोऱ्याने बंद केली. आई आणि मूल दोघंही वाचली. टाचण्या कोणत्या दिवशी किती काढल्या तेसुद्धा त्याने टिपून ठेवलं आणि १८८४ मध्ये एडिंबरोच्या वैद्यकीय मासिकात छापलं. पाहिलं तेवढंच लिहिणारा माणूस.

हाच फेल्किन पुढे गोल्डन डॉनमध्ये आला आणि १९०३ मध्ये मंडळ फुटल्यावर त्याच्या एका शाखेचा प्रमुख झाला. त्याची एम.डी. जर्मनीतल्या मारबुर्गची, म्हणजे जर्मन भाषा अंगवळणी पडलेली. त्याने सरळ गाडी पकडली, जर्मनीत गेला, पुन्हा पुन्हा गेला, आणि श्प्रेंगेल नावाच्या बाईला ओळखणारं कोणी सापडतं का म्हणून लोकांना विचारत फिरला. तेव्हा वेस्टकॉट लंडनमध्येच होता, आपल्या कोर्टात, चौकशा चालवत.